बटण दाबण्याआधी

थांब! आधी त्या बटणावरचं बोट काढ. टाकीत थेंब नाही आणि कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगचा पंप चालू करायला निघालास? पाणी हेच या पंपाचं वंगण आणि तेच त्याला थंड ठेवतं. कोरडा फिरवलास की बेअरिंग गेलंच.

आणि टाकी पंपाच्या खाली कशी? हा पंप पाणी पुढे ढकलतो, खालून वर ओढून घेत नाही. टाकी वर हवी, म्हणजे पाणी आपसूक पंपात उतरतं. हे फळ्यावर काढून दाखवलं होतं, तेव्हा लक्ष कुठे होतं?

अख्खी सकाळ तू कशात घालवलीस? पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावं की ग्राफिक्स कार्डाकडे, यात! अरे, पाणी खेळतं राहिलं की नळ्यांच्या अख्ख्या फेऱ्यात त्याचं तापमान जवळपास सारखंच राहतं, फरक पडला तर थोड्या अंशांचा. नळी आखूड राहील आणि दुमडणार नाही, तो क्रम धर. जिथे फरक पडत नाही तिथे डोकं शिणवलंस आणि जिथे मशीन जळतं तिथे डोळेझाक केलीस.

हा रेडिएटर ॲल्युमिनियमचा, प्रोसेसरवरचा ब्लॉक तांब्याचा. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम गंजत जातं आणि तो गाळ ब्लॉकच्या केसासारख्या बारीक खाचांत बसतो. तांब्याचा रेडिएटर घे आणि नवा असला तरी आतून धुऊन घे, त्यात झाळकामाचा फ्लक्स उरलेला असतो. नळाचं पाणी अजिबात नको, तयार कूलंटच भर.

फिटिंग पान्याने आवळून रबरी रिंग चिरडलीस. पाणी ती रिंग अडवते, जोर नव्हे. हाताने घट्ट केलं की पुरे.

नळ्या सुबक वाकवल्यास, हात चांगला आहे तुझा. म्हणून तर हयगय खपवून घेणार नाही. पै-पै साठवून घेतलेलं कार्ड गिऱ्हाईक तुझ्या भरवशावर या जोडांखाली ठेवणार आहे.

आता रिंगा बदल, टाकी वर घे, सगळ्यात खाली निचऱ्याची तोटी बसव. मदरबोर्ड, कार्ड, डिस्क यांच्या वीजजोडण्या काढ, पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या कनेक्टरला जंपर लाव, टाकी भर आणि मग वीज फक्त पंपाला दे. टाकी रिकामी होऊ लागली की पंप बंद करून पुन्हा भर. केबिनेट तिरकं करून हवा काढ. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेव आणि २४ तास पंप चालू दे. एक जरी कागद ओला झाला तरी तो जोड खोल, नीट बसव आणि चाचणी पहिल्यापासून घे. सगळे कागद कोरडे दाखवल्याशिवाय मदरबोर्डला वीज द्यायची नाही.