अस्सल सागवानी

तोंडातून एकही खोटा शब्द न काढता माणसाला खोटं बोलता येतं का? नीतिशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत याचं उत्तर असेलही. मला ते आईच्या देव्हाऱ्याखाली सापडलं.

आईला सागवानी देव्हारा हवा होता आणि मला सुतारकामाची नवी खुमखुमी आली होती. वखारीत गेलो. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी, तेलकट. वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. भाव ऐकल्यावर मीही गेलो नाही. शेजारी सालीलगतच्या पांढरट फळ्या पडल्या होत्या. पुष्कळच स्वस्त.

"हेही सागवानच ना?"

"अलबत! एकाच झाडाचं, साहेब."

यात खोटं काही नव्हतं. फक्त कूळ तेच असलं तरी गुण उतरतातच असं नाही. माझ्या वडिलांचं गणित उत्तम होतं.

फळ्यांवर रंधा मारला. ८० नंबरच्या पॉलिशपेपरनं सुरुवात करून २२० पर्यंत घासलं, तेही रेषांच्या दिशेनं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवली. नुसती लाख फिरवली असती तर लाकूड होतं तसंच, जरा खुलून दिसलं असतं. पण मी आधी तपकिरी रंगाचा एक हात दिला. पॉलिश आणि थाप यांत फरक तो एवढाच: पॉलिश आहे ते दाखवतं, थाप नाही ते.

"आई, हा घे तुझा सागवानी देव्हारा!" मी म्हटलं. शब्द न् शब्द खरा होता.

दोन वर्षांनी एका पहाटे जाग आली. आई देव्हाऱ्याखालची पिठासारखी पूड ओल्या फडक्यानं टिपून घेत होती. भुंगेऱ्यांनी माझी नीती पार पोखरली होती.

"कधीपासून पडतेय ही?"

"झाले की सहा-आठ महिने. तू एवढ्या हौसेनं केलास, म्हटलं कशाला सांगा!"

म्हणजे लपवलं दोघांनीही. तिनं तर रोज, साक्षात देवांसमोर! तरी ओशाळलो तो मीच. माझ्या रंगानं माझे पैसे वाचवले होते. तिच्या फडक्यानंही माझंच तोंड वाचवलं होतं. खऱ्याखोट्याचा हिशेब शब्दांवर होत नसावा. लपवून वाचवलं कुणाला, यावर होत असावा.

नव्या देव्हाऱ्यासाठी गाभ्याच्या फळ्या आणल्या. आईनं एक उचलून नाकाशी धरली आणि म्हणाली, "आता कसं! सागाला वास असतो रे. मागच्या फळ्यांना नव्हता."