सोवळ्याची कसोटी

आमच्या आजीच्या सोवळ्यात विष्ठेचे नाव काढणेही पाप होते. परंतु १९५८ साली अमेरिकेतील डॉ. आयझमन यांनी आतड्याच्या जीवघेण्या रोगाचे चार रुग्ण निरोगी माणसाच्या विष्ठेचा एनिमा देऊन बरे केल्याचे प्रसिद्ध केले. प्रतिजैविकांनी पोटातले उपकारक जंतू मरतात, हट्टी रोगजंतू माजतात. परक्याच्या मळातून ते उपकारक पुन्हा येतात. दाता निवडताना तपासतात आरोग्य, कूळ नव्हे.

१९३२ साली आमच्याच रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैलासफाईचे काम मिळावे म्हणून सत्याग्रह केला. त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभले. मैला उचलण्यात अप्पांना विटाळ दिसला नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीच्या डोक्यावर देण्यात दिसला.

प्राण कंठाशी आले की आपण दात्याची जात विचारणार नाही. मग धडधाकट असताना का विचारतो?