पाण्याने धरलेलं पाणी

हिरवळीवरच्या फवाऱ्यांचा व्हॉल्व बंद असतो, तेव्हा त्याला बंद कोण ठेवतं? वीज नव्हे. पाणीच.

व्हॉल्वच्या पोटात रबराचा एक पडदा असतो. खालून नळाचं पाणी त्याला ढकलत असतं. पण एका बारीक छिद्रातून त्यातलंच थोडं पाणी पडद्याच्या वरच्या पोकळीत जातं. दोन्हीकडचा दाब सारखा होतो. वरच्या पाण्याला टेकायला जागा मात्र जास्त, म्हणून त्याचा भार सरस ठरतो आणि पडदा खाली बसतो. छोटी स्प्रिंग हातभार लावते, एवढंच.

२४ व्होल्टची कॉइल फक्त वरचं पाणी सोडून देते. पडदा उचलला जातो, फवारे उडतात. वीज थांबली की पोकळी हळूहळू पुन्हा भरते. उघडायला हुकूम पुरतो; मिटायला सवड लागते.

मला याचं फार अप्रूप वाटतं. जोर अडवायचा तर त्याहून मोठा जोर बाहेरून आणावा लागतो, असं आपण धरून चालतो. इथे त्याच प्रवाहातला थोडासा भाग बाजूला होऊन थांबतो. तेवढ्याने काम होतं.

सुरतेत वेसूला आमच्या सोसायटीत हिरवळीचा एक कोपरा वेळ संपली तरी भिजतच राहू लागला. माळीकाका मूळचे नंदुरबारकडचे. त्यांनी आधी टायमरची वीजच काढली. पाणी चालूच. "दुखणं विजेत नाही, आतमध्ये आहे," ते म्हणाले. मुख्य कॉक बंद करून त्यांनी झाकण उघडलं. पडदा धड होता. छिद्रात वाळूचा एक कण अडकला होता. वाट बुजली, म्हणून पोकळी भरत नव्हती. पोकळी रिकामी, म्हणून फवारे थांबत नव्हते.

पाणी कधी धरायचं आणि कधी सोडायचं, ही या शहराची जुनी काळजी. वर तापीवर उकाईचं धरण आहे, त्याला २२ दरवाजे. ऑगस्ट २००६ मध्ये तिथून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला होता. ज्यांनी तो पूर पाहिला, ते आजही पावसाळ्यात उकाईची पातळी विचारतात. त्या अफाट पाण्यापुढे आमचा व्हॉल्व तो केवढा. तरी छिद्र साफ करताना काकांची बोटं घाईत नव्हती. पिन घालू नका, छिद्र मोठं होईल, असं त्यांनी मला बजावलं. स्वच्छ पाण्याच्या धारेनेच कण काढला.

मग समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे आवळत त्यांनी झाकण बसवलं आणि कॉक अगदी सावकाश सोडला. पुढच्या आठवड्यात व्हॉल्वच्या अलीकडे जाळीचा फिल्टर बसवायचा आहे.