मुक्या जीवाला घास : दान की मोह?

अष्टविनायक यात्रेत दौंडमार्गे सिद्धटेकच्या श्रीसिद्धिविनायकाचे आणि शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या श्रीमहागणपतीचे दर्शन घेऊन अनेक भाविक पुढे जुन्नरकडे वळतात. तेथील लेण्याद्रीचा श्रीगिरिजात्मज डोंगरातील लेण्यात विराजमान आहे. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत कोरलेल्या बौद्ध लेण्यांच्या समूहात सातव्या लेण्यात श्रींचे स्थान असून, तेथे पोहोचण्यास सुमारे ३०० पायऱ्या चढाव्या लागतात. याच पायऱ्यांवर भाविकांची माकडांशी गाठ पडते.

हातातील नारळ वा प्रसादाची पिशवी पाहून माकडे जवळ येतात, प्रसंगी ती हिसकावूनही नेतात. कोणी घाबरून मागे सरतो, कोणी काठी उगारतो, तर कोणी हात जोडून केळे पुढे करतो. काठी उगारणे अनुचित, हे सर्वांनाच पटते. प्रश्न आहे तो श्रद्धेने पुढे केलेल्या केळ्याचा. मुक्या जीवाला घास देणे पुण्याचे, असा संस्कार घराघरांत होतो. मग ते केळे हे दान नव्हे काय?

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देश, काल आणि पात्र पाहून कर्तव्यबुद्धीने दिलेले दान सात्त्विक होय. म्हणजे देणाऱ्याचा भाव शुद्ध असणे पुरेसे नाही. घेणाऱ्याचे त्यात हित आहे की नाही, हेही पाहावे लागते.

या कसोटीवर पायरीवरचा घास उतरत नाही. रानातील माकड फळे, कोवळी पाने, बिया व किडे खाऊन जगते आणि खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर टाकून डोंगरावर झाडे रुजविते. आयते अन्न मिळू लागले की त्याची ही भटकंती कमी होते. पिशवी म्हणजे अन्न, हे पिल्लेही मोठ्यांकडे पाहून शिकतात. बाली बेटावरील उलुवातू मंदिरात तर माकडे यात्रेकरूंचे चष्मे पळवितात आणि खाद्य मिळाल्यावरच परत करतात, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. ज्याला चोर म्हणून दगड मारला जातो, त्याला ही चोरी माणसाच्याच औदार्याने शिकविलेली असते. पुढे त्याच्या दांडगाईने एखादी वृद्ध माउली पायरीवरून घसरली, तर तो दोष केवळ माकडाचा कसा म्हणावा?

माकडात मारुतीरायाचे रूप पाहणाऱ्यांचा भाव आदरणीय आहे. परंतु मारुती म्हणजे बल, संयम आणि निरपेक्ष सेवा. त्याच्या कुळातील मानलेल्या जीवाला पायरीवरचा याचक करणे, ही त्याची पूजा ठरेल काय?

‘उन्हाळ्यात डोंगर उघडा पडतो, तेव्हा या जीवांनी काय खावे?’ असे कोणी कळवळून विचारील. हा कळवळा खरा आहे. तथापि, टाकलेला घास बहुधा टोळीतील बलवान नरच पळवितो. पोटाशी पिल्लू धरलेली मादी दूरच राहते. दयेला स्थायी रूप द्यावयाचे असेल, तर वनविभागाच्या मार्गदर्शनाने वड, उंबर, जांभूळ यांची रोपे लावून ती जगविण्यास साहाय्य करावे. असे दान देश, काल व पात्र या तिन्ही कसोट्यांवर उतरेल. मात्र फळ धरेपर्यंत दात्याला वाट पाहावी लागेल. घास देताना तत्काळ मिळणारा आनंद येथे नाही, आणि निरपेक्षतेची परीक्षा नेमकी तेथेच आहे.

भाविकांनी खाद्यपदार्थ व प्रसाद बंद पिशवीत ठेवावा. माकडांकडे रोखून पाहू नये, पिल्लांजवळ जाऊ नये. वस्तू हिसकावली गेल्यास ओढाताण करू नये. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब रुग्णालय गाठावे.

डोंगर हे त्या जीवांचे घर असून भाविक तेथे काही घटकांचा पाहुणा असतो. दर्शन घेऊन परतताना त्या घराची रीत मोडली नाही, एवढे समाधान बरोबर नेता आले, तर तेही यात्रेचेच फळ होय.