बाहेरून लावलेली कडी

काल तुझ्या घरी आलो तेव्हा मागच्या पत्र्याच्या खोलीला बाहेरून कडी होती, कडीला कुलूप. आत तुझी आई. खिडकीच्या जाळीला तोंड लावून तिनं विचारलं, "गुरुजी, बार्शीची गाडी गेली का?" तू मधेच म्हणालास, "लक्ष देऊ नका सर, तिला काही कळत नाही." मला तिनं ओळखलं, माहेरची गाडी तिला आठवली, तरी काही कळत नाही? तिला काय कळतं आणि काय नाही, हे कोणाकडून तपासून घेतलंस?

लाज वाटायला पाहिजे. माझ्याच वर्गात नागरिकशास्त्र शिकलास तू. घटनेचं व्यक्तिस्वातंत्र्याचं 21 वं कलम पाठ करून घेतलं होतं, ते काय नुसतं मार्कांपुरतं?

रस्त्यावर ट्रक धावतात, ती एकटीच स्टँडकडे निघते, काही बरंवाईट झालं तर काय, हेच तुझं म्हणणं ना? काळजी खरी आहे. पण काळजीवरून तू थेट कुलपावर आलास. गणितात मधल्या पायऱ्या गाळणाऱ्याला मी शून्य द्यायचो, इथंही शून्यच. दुपारी कोणी सोबत बसलं तर चालेल का? ती निघते कशासाठी? यातलं काहीएक विचारलं नाहीस.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढं 2014 साली असाच प्रश्न आला होता. बुद्धीनं अधू असलेली एक मुलगी एका बाईच्या घरी सांभाळायला ठेवलेली. ती तिथं सुखात होती, पळून जायचा प्रयत्नही तिनं कधी केला नाही. तरी न्यायालयानं ठरवलं की तिचं स्वातंत्र्य काढून घेतलेलं आहे. सतत देखरेख, सगळा ताबा दुसऱ्याकडं आणि निघून जायची मोकळीक नाही, एवढं पुरे. ती गप्प राहते, घर चांगलं आहे, ठेवणाऱ्याचा हेतू चांगला आहे, यानं त्यात फरक पडत नाही. म्हणूनच असा निर्णय बाहेरच्या माणसानं पुन्हा पुन्हा तपासायला हवा. तिचं गप्प राहणं, चांगलं घर, चांगला हेतू, हीच तीन कारणं काल तू मला ऐकवत होतास.

आपला 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही तुझ्या बाजूनं नाही. स्मृतीचा गंभीर बिघाडही त्यात येतो. एखाद्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयच घेता येत नाही असं धरायचं नाही, हे त्यात लिहिलेलं आहे. इच्छेविरुद्ध रुग्णालयात ठेवायचं तर आधी 30 दिवसांची मर्यादा. पुढं ठेवायला दोन मानसोपचारतज्ज्ञांची वेगवेगळी तपासणी आणि कायद्याखाली नेमलेल्या मंडळाची मान्यता लागते. डॉक्टरांवर एवढी बंधनं, आणि तुझं कुलूप दिवाळीपासून आहे! त्याची मुदत कोणी ठरवली? साखळीनं बांधायला तर साफ बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला 2001 च्या ऑगस्टमध्ये साखळ्यांनी जखडलेली 28 माणसं आगीत जळून मेली. बरी होतील म्हणूनच घरच्यांनी त्यांना तिथं सोडलं होतं. तुझ्या त्या खोलीतली वायर उघडी लोंबते आहे, मी पाहिली. आग लागली तर किल्ली कोणाच्या खिशात असेल?

"नाहीतर आश्रमात ठेवून येतो" म्हणालास. महाराष्ट्रातल्या मनोरुग्णालयांतली माणसं भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवत होते, ते ताबडतोब थांबवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 च्या जुलैत बजावलं. जे सरकारला करता येत नाही, ते तू करणार?

त्याच 2017 च्या कायद्याप्रमाणं मानसिक आजार असलेल्या माणसाचे हाल होत असतील तर पोलिसांनी दंडाधिकाऱ्याला कळवायचं असतं, आणि ज्याला माहीत आहे त्यानं पोलिसांना. मला आता माहीत आहे.

कुलूप आज काढ. उद्या तिला लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात ने. जायच्या आधी काही विचारायचं असेल तर 14416 या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीला फोन लाव. दाराला घंटी बांध. गळ्यात नाव-नंबरचा बिल्ला घाल. स्टँडवरच्या चहावाल्याकडं आणि रिक्षावाल्यांकडं तुझा नंबर देऊन ठेव. दुपारी तिला हाताला धरून स्टँडवर ने, बार्शीची गाडी बघू दे, मग परत आण. एक वही घाल: ती कधी निघाली, काय म्हणाली, कशानं शांत झाली. डॉक्टर तेच विचारतील. गुरुवारी ती वही तपासायला मी येणार आहे.