न सांगितलेली खोड

बैलबाजारात भाव रुमालाखाली ठरायचा, पण खोड उघड सांगावी लागायची. दोघांनी हातावर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबायची, काय भाव झाला ते शेजारी उभ्या असलेल्यालाही कळायचं नाही. बैलाचं मात्र तसं नव्हतं. मारका असंल तर मारका म्हणायचं, जुवाखाली बसत असंल तर बसतो म्हणायचं. ते ऐकूनही गिऱ्हाइकानं दावं हातात घेतलं की बैल त्याचा आणि खोडही त्याची. पुढं त्या बैलानं कुणाला शिंगावर घेतलं तर विकणाऱ्याच्या दारात कुणी येत नसे. पण खोड लपवली आणि आठ दिवसांत ती दिसली, तर गिऱ्हाईक बैल घेऊन परत यायचं आणि गावातली चार माणसं त्याच्याच बाजूनं बोलायची. सगळे खरं बोलत असं नाही. लबाड तेव्हाही होते. पण रीत काय आहे, हे लबाडालाही ठाऊक होतं.

ही रीत मला आठवली ती विमानाच्या टाकीमुळं. वाचणाऱ्याला वाटंल, तात्या बैलावरून विमानावर कसा काय गेला. सांगतो.

माझा पुतण्या वेल्डर आहे. आयटीआय केला, चाकणला कंपनीत सहा वर्षं काढली, लॉकडाऊनमध्ये सगळे परतले तसा तोही घाटनांदूरला परतला आणि इथंच दुकान टाकलं. गेट, खिडक्या, ट्रॉल्या ही रोजची कामं. पण त्याच्याकडं आरगॉनचं मशीन आहे, म्हणून ऍल्युमिनिअमचं काम लांबून येतं. दुधाची कॅन, मोटारसायकलचं फुटलेलं इंजिन कव्हर, असलं काही. एक दिवस लातूरकडचे एक रिटायर इंजिनिअर कागदावर नकाशा काढून घेऊन आले. शेतातल्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधतायत. त्याला साठ लिटरची पेट्रोलची टाकी पाहिजे. पत्रा ते स्वतः घेऊन आले होते. पुतण्यानं जरा का कू केलं तर म्हणाले, "घाबरू नका. जोखीम माझी. बाँडवर लिहून देतो."

संध्याकाळी पुतण्या माझ्याकडं आला. "तात्या, काम घेऊ का नको? पैसे बरे देतोय. लिहून बी देतो म्हणतोय. मग माझं काय जातंय?"

त्याच्या या शेवटच्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. दुसऱ्यानं लिहून दिलं की आपलं खरंच काही जात नाही का?

आधी टाकी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर माझा मुद्दा कळायचा नाही. पत्रा सव्वा मिलिमीटरचा, 5052 म्हणून एक जात असते, तिचा. तो वाकतोही चांगला आणि वेल्डही होतो. लोखंडाचं वेल्डिंग सगळ्यांनी बघितलंय. लोखंड वेल्डरला आधी सांगतं. लाल होतं, मग पिवळं होतं, मग पाणी होतं. ऍल्युमिनिअम रंगच बदलत नाही. आहे तसं चमकत असतं आणि एकदम खाली गळतं, पत्र्याला भोक. शिवाय त्याच्या अंगावर हवेनं एक पातळ कातडी धरलेली असते. धातू वितळतो 660 अंशाला आणि ती कातडी दोन हजार अंशाच्याही वर. ब्रशनं घासून, तेलकटपणा पुसून ती काढली नाही तर जोड वरून लागल्यासारखा दिसतो आणि आत लागलेला नसतो. म्हणजे हे काम असं, की चांगलं आणि वाईट दोन्ही वरून सारखंच दिसू शकतं.

टाकीच्या आत पडदे लागतात, पत्र्याचेच, भोकं पाडलेले. का, ते आमच्या जिल्ह्यात शिकवावं लागत नाही. दुष्काळात ज्यानं ट्रॅक्टरमागं अर्धा भरलेला पाण्याचा टँकर ओढलाय त्याला वळणावर पाणी कसं धडक मारतं ते माहीत आहे. साठ लिटर पेट्रोल म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलो. ते हवेत मागंपुढं हिसके मारायला लागलं तर पत्राही थकतो आणि विमानही डुलतं. टाकीच्या सगळ्यात खालच्या जागी एक छोटी तोटी ठेवतात. पेट्रोलमध्ये आलेलं पाणी जड, ते तळाला बसतं. उडायच्या आधी थोडं पेट्रोल बाटलीत काढून उजेडात बघायचं, पाण्याचा थेंब आहे का. आता तर पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलंय, आमच्याच उसाचं. ते पाणी धरून ठेवतं, फार झालं की सोडून देतं, आणि ऍल्युमिनिअमलाही ते मानवत नाही. ऊस लावणाऱ्यानं हे लिहावं का नाही कुणास ठाऊक, पण आहे ते आहे.

सगळं झाल्यावर हवा भरून तपासायचं. अमेरिकेच्या सरकारी नियमात अशा टाकीला साडेतीन पौंडाचा दाब धरलाय. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात याच्या तिप्पट-चौपट हवा असते, म्हणून हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण सपाट पत्र्याचा हिशेब वेगळा. एका चौरस फुटावर साडेतीन पौंडानं पाचशे पौंडांचा भार येतो, म्हणजे सव्वादोन क्विंटलहून जास्त. सव्वा मिलिमीटरच्या पत्र्यावर सोयाबीनची दोन पोती आणि वर आणखी थोडं. पुतण्यानं जोडांवर साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडा कुठं येतो ते बघत बसला.

बुडबुडा आला नाही म्हणजे सुटलो का? नाही. साबणाचं पाणी आजचं सांगतं. इंजिनाच्या थरथरीनं जोडाच्या कडेला बारीक चीर पडते ती शंभर तासांनी पडंल, दोनशे तासांनी पडंल. तेव्हा टाकी वर असंल आणि पुतण्या इथं गेटला रॉड मारत असंल.

आता बाँडकडं येतो. "जोखीम माझी" असं माणूस लिहून देतो तेव्हा तो नेमकं काय घेतो? त्याला जेवढं माहीत आहे तेवढंच तो घेऊ शकतो. उडणं धोक्याचं आहे, इंजिन बंद पडू शकतं, टाकी गळू शकते, हे त्याला माहीत आहे आणि ते त्यानं घेतलं. पण समजा तिसऱ्या कोपऱ्यात जोड घेताना पत्रा गळाला आणि वेल्डरनं वरून आणखी धातू भरून तो बुजवला, घासून गुळगुळीत केला, आणि बोलला नाही. हे त्या माणसाला माहीतच नाही. जे माहीत नाही त्याच्यावर सही कशी होईल? बाँड शंभर पानांचा केला तरी तो कोपरा वेल्डरकडंच राहतो. लपवलेल्या खोडीसारखाच.

विहिरी खोदताना हे आम्हाला फार कडक शिकवलं जायचं. खडकाला सुरुंग लावले की एक माणूस नुसता मोजायला काठावर उभा करायचे. नऊ बार लावले आणि आठच वाजले, तर नववा आत जिवंत आहे. खाली उतरणाऱ्या गड्याला आपलं काम जोखमीचं आहे हे पुरतं माहीत असायचं. तो ते पत्करूनच आलेला. पण त्यानं पत्करलेलं असायचं विहिरीचं काम, न सांगितलेला नववा बार नव्हे. मोजणाऱ्यानं आकडा खाल्ला तर ती जोखीम गड्याची कशी म्हणायची?

म्हणून मी पुतण्याला म्हणलं, "काम घे. पण कागदाची दिशा उलटी कर. त्यांनी तुला लिहून द्यायच्या आधी तू त्यांना लिहून दे."

त्याला आधी पटलं नाही. "तात्या, असं लिहून दिलं तर गिऱ्हाईक म्हणंल याला काम येत नाही." त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. धंद्यात आपणच आपली खोड सांगायची म्हणजे भाव पाडून घ्यायचा. बैलबाजारातही खोड सांगणाऱ्याला पैसे कमीच मिळत. हे नुकसान खरं आहे, ते नाही असं म्हणून मी त्याला फसवलं नाही.

शेवटी त्यानं केलं. आधी त्याच पत्र्याचे दोन तुकडे जोडून ते जोडावरच वाकवून मोडून दाखवले. मग टाकी केली. दोन ठिकाणी सुईच्या टोकाएवढी भोकं निघाली, ती परत केली. एका कोपऱ्यात धातू जास्त बसला होता. या तिन्ही जागांवर मार्करनं गोल केले आणि वहीच्या पानावर लिहून दिलं, कुठं, काय झालं, कितीदा जाळ दिला. जास्त जाळ दिलेली जागा मऊ पडते आणि चीर तिच्याच आसपास पडू शकते, हेही. इंजिनिअरसाहेबांनी पान दोनदा वाचलं. दोन भोकं त्यांनी मान्य केली. कोपरा कापून नवीन करायला सांगितला आणि त्याचे जादा पैसे दिले. बाँडचं मग कुणी नाव काढलं नाही.

घरी विमान बांधणारी माणसं वेडी असतात असं मला आधी वाटायचं. आता तसं वाटत नाही. अमेरिकेत त्यांची 1953 पासून संघटना आहे आणि अशी हजारो विमानं उडतात. तिथला नियम मला आवडला. अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः, शिकायला म्हणून आणि आवडीसाठी केलेलं असलं पाहिजे. टाकीसारखं अवघड काम दुसऱ्याकडून करून घ्यायला मोकळीक आहे. आणि आत बसणाऱ्या पाहुण्याच्या डोळ्यांसमोर पाटी लावावी लागते, की हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षेचे नियम ते पाळत नाही. उघड्या तोंडानं सांगितलेली खोडच ती. पाहुण्यानं पाटी वाचून बसायचं का नाही ते ठरवावं.

आपल्याकडं कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा माणसांचं विमान बांधलं. 2016 साली मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते लोकांनी बघितलं, पण सरकारी नोंदणी हातात यायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. तेव्हा पेपरात वाचून मी सरकारला पुष्कळ बोल लावले होते. एका मराठी माणसानं एवढं केलं आणि हे कागद मागत बसलेत. दुसरीकडं 2021 च्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातला फॅब्रिकेशनचं काम करणारा एक तरुण पोरगा स्वतः बांधलेलं हेलिकॉप्टर चालवून बघताना पातं तुटून गेला. त्यानं जोखीम दुसऱ्या कुणावर टाकली नाही, स्वतःच आत बसला. त्याला मी दोष देत नाही. पण तेच यंत्र वर गेलं असतं आणि मग मोडलं असतं, तर?

कारण बांधणाऱ्याला सगळं माहीत असतं. पाहुण्याला पाटी असते. खाली रानात कापूस वेचणाऱ्या बाईला कुणी काय सांगितलं? तिनं कुठं सही केली? तिच्या वतीनं कुणीतरी विचारणारा पाहिजे, आणि तो सरकारशिवाय दुसरा कोण असणार. तेव्हा कागद मागणाऱ्यांवरचा माझा राग निम्मा उतरला. निम्मा तसाच आहे, कारण कागद मागणं वेगळं आणि कागद दाबून बसणं वेगळं.

अमेरिकेत नव्या घरगुती विमानानं पहिले काही तास नेमून दिलेल्या हद्दीतच, पाहुणा न घेता, दाट वस्ती सोडून उडायचं असतं. ऐकायला शहाणपणाचं आहे. पण दाट वस्ती सोडून म्हणजे कुठं? आमच्यासारख्यांच्या शिवारावरच की. माणसं पातळ पेरलेली असली म्हणजे ती मोजायचीच नाहीत असं थोडंच आहे.

टाकी घेऊन जाताना मी इंजिनिअरसाहेबांना एवढंच विचारलं, "पहिल्यांदा उडवायच्या दिवशी खालच्या गावांना सांगणार का?" ते हसले, मग गप्प झाले, मग खिशातून डायरी काढून काहीतरी लिहून घेतलं. पुतण्या म्हणाला, "तात्या, दवंडी देणारं आता कुणी राहिलं नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकावं लागंल." ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांना घरोघर जाऊन सांगावं लागंल, असं मी म्हणलं. साहेबांनी तेही लिहून घेतलं.