औषध देणाऱ्याचा धर्म

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, रुग्णाची सेवा करणारा उपस्थाता आणि स्वतः रुग्ण. या चौकटीत औषधाला स्थान आहे, औषध विकणाऱ्याला स्वतंत्र स्थान नाही. म्हणूनच दवाखाना आणि मेडिकलचे दुकान वेगळे झालेल्या आजच्या व्यवस्थेत मनोरुग्णासमोर फार्मासिस्ट कोणत्या नात्याने उभा राहतो, हा प्रश्न नीतिविचाराला टाळता येत नाही.

उपस्थात्याच्या ठायी उपचाराचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे चार गुण चरकाला अपेक्षित आहेत. त्यांपैकी पहिले दोन फार्मासिस्टला लागू पडतात, हे सहज पटते. द्विध्रुवी विकारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात, दिल्या जाणाऱ्या लिथियमचे रक्तातील उपकारक आणि विषारी प्रमाण अगदी जवळजवळ असते, आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकाने ते वाढू शकते. कंबरदुखीवर गोळी मागणारा माणूस लिथियम घेतो, हे त्या क्षणी लक्षात येण्याची शक्यता दुकानातच असते. चिंताविकारावर दिले जाणारे अल्प्राझोलम औषधनियमांतील 'एच-1' या अनुसूचीत असल्याने चिठ्ठीवाचून देता येत नाही, आणि दिल्याची नोंद तीन वर्षे जपावी लागते. पण दीर्घकाळ घेतलेले हे औषध एकाएकी तुटले तर झटकेही येऊ शकतात, त्यामुळे निव्वळ नकाराने कायदा पाळला जातो, रुग्ण मात्र धोक्यातच राहतो. त्याला कारण सांगून डॉक्टरकडे वळवणे हा त्या नकाराचाच भाग मानायला हवा.

खरी अडचण अनुरागाची आहे. परिचारकाची आस्था सहवासातून येते. दुकानात मागे रांग असते, आणि लहान गावात त्या रांगेत रुग्णाचे शेजारीही असतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 23 ने रुग्णाला आजार व उपचार यांविषयी गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मग ठरल्या वेळी गोळ्या न्यायला न आलेल्या रुग्णाची चौकशी त्याच्या भावाकडे करणे ही आस्था म्हणावी की हक्कभंग? हेतू कितीही निर्मळ असला, तरी तो हक्कभंगच ठरतो, कारण आजाराचे नाव उच्चारले गेले नाही तरी चौकशीतूनच तो उघड होतो, आणि ते उघड करण्याचा अधिकार रुग्णाचा असतो. औषधे पहिल्यांदा देतानाच, 'खंड पडला तर तुम्हाला फोन केलेला चालेल का, आणि तुमच्याखेरीज आणखी कोणाला?' असे रुग्णाला बाजूला घेऊन विचारता येते. त्याने नाही म्हटले, तर ते नाही मान्य करावे लागते.